टेकचंद शेठच्या कारखान्यातल्या टाळ्या

उल्हासनगरच्या पाच नंबर कॅम्पात टेकचंद शेठचा जीन्स शिवायचा कारखाना होता आणि तिथल्या इस्त्रीवर बेलवलीचा सुदाम होता. हात असा साफ, की त्याच्या टेबलावरून उतरलेली पँट बघून शेठ म्हणायचे, "साईं, ये तो अपने आप खड़ी रहेगी!"

त्र्याण्णव साली हिंदुराव नावाचा नवा कटिंग मास्तर आला. एका रविवारी त्याने सुदामला बबनसोबत बदलापूरच्या बाजारात पडद्याचं कापड निवडताना पाहिलं. दोघं एका खोलीत राहतात, लग्नाचं नाव काढत नाहीत. मास्तरला काय ते उमगलं. सोमवारपासून सुदाम पाणी प्यायला उठला, की मास्तर तळहात आडवे करून, हिजडे वाजवतात तशी, एक सणसणीत टाळी वाजवायचा. टेलर लोक माना खाली घालून हसायचे. सुदामने पाणी पिणंच सोडलं. मे महिना, त्यात समोर तापलेली इस्त्री. एका दुपारी त्याला घेरी आली.

धागे कापणाऱ्या बायकांची पुढारी द्रौपदीमावशी. तिने त्याला भिंतीला टेकवून बसवलं.

"पाणी का पीत नाहीस रे?"

"तहान लागत नाही, मावशी."

"मला येडी समजतो? टाळी आम्हालाबी ऐकू येते." मग तिने आवाज उतरवला. "तो बबन नुसता मैतर नाही ना?"

सुदाममध्ये खोटं बोलायचंही त्राण नव्हतं. "नाही," तो म्हणाला.

मावशीने जरा विचार केला. "डबा तो बनवतो?"

"हो."

"रोज?"

"रोज."

"आमच्या ह्यांनी जन्मात चहा नाही टाकला," मावशी उसासा टाकत म्हणाली. "पी पाणी. उद्या बघते त्या मास्तरकडे."

दुसऱ्या दिवशी सुदाम उठला आणि मास्तरने टाळी वाजवली. तशा सगळ्या बायकांनी कात्र्या खाली ठेवल्या आणि टाळ्यांचा कडकडाट केला. थांबेचनात. "ए, बंद करा!" म्हणून मास्तर हात उंचावून ओरडला, तर जोर आणखी वाढला. त्यांच्यातल्या काशीने शिट्टी मारली. कोणी पुढारी आला की काय, म्हणून शेठ शर्टाची बटणं लावत केबिनमधून धावत आले.

"किसका सत्कार है? हार मंगाऊं क्या?"

"मास्तरांना विचारा," मावशी म्हणाली. "रोज तेच सुरू करतात. आज आम्ही साथ दिली."

"बोल, हिंदुराव."

मास्तर छताकडे बघू लागला. "मच्छर होता, शेठ."

"रोज?" काशीने विचारलं, आणि हशा पिकला.

सुदामलाही हसू येत होतं. पण हे हसण्यावारी गेलं, तर उद्या मास्तर दुसरं काही काढणार, हे त्याला दिसत होतं. पाण्याचा पेला घट्ट धरून तो म्हणाला, "माझ्यावर वाजवतात, शेठ. मी बबनबरोबर राहतो, नवराबायको राहतात तसा. कामात खोट असेल तर बोला. हे नको."

मशिनी थांबल्या. शेठ टक्कल खाजवू लागले. ही भानगड त्यांच्या नीट ध्यानात आली होती असं नाही.

"इसने पँट जलाई कभी?"

"नाही," मास्तर पुटपुटला. "पण शेठ, असला माणूस ठेवला तर नाव खराब होईल. काढून टाका."

मावशीने पिशवी काखोटीला मारली. मागोमाग सगळ्या उठल्या. "त्याला काढायचं, तर आम्हीबी निघालो."

शनिवारी दिल्लीचा माल जायचा होता. शेठचा आवाज एकदम चढला. "कोई नहीं निकलेगा! हिंदुराव, माफी मांग. फिर किसीको सताया, तो तू निकलेगा."

मास्तरने इस्त्रीच्या टेबलाकडे बघत माफी मागितली.

"टेबलाची नाही, त्याची माग," मावशी म्हणाली. मग त्याने नीट मागितली. हसणाऱ्यांपैकी एका टेलरने नंतर सुदामपुढे चहा आणून ठेवला. बाकीचे बरेच दिवस अवघडलेलेच होते.

संध्याकाळी मावशीने हाक मारली. "रविवारी कुळगावला नातवाचं बारसं आहे. दोघं या."

घरी सगळं ऐकून बबन पोट धरून हसला, मग त्याच्याजवळ सरकला.

"सगळ्यांसमोर बोललास?"

"बोललो."

"आणि दोघं या म्हणाली?"

"दोघं."

आजवर त्यांना असं जोडीने कुणी बोलावलं नव्हतं. बबनने ट्रंक ओढून सगळे कपडे पलंगावर पसरले. कोणी कुठला शर्ट घालायचा, यावरून दोघं असे भांडले, की शेजारची गंगू काय झालं म्हणून दार वाजवून विचारायला आली.

"बारशाला जायचंय आम्हाला," बबनने ऐटीत सांगितलं.