झेंडूखालचा तिसरा नियम

मित्रांनो, मी एक जुना पत्र्याचा फलक आहे. भोंगवलीजवळच्या एका दूध संस्थेत, टाकीसमोरच्या भिंतीवर मी टांगलेला असतो. भोरच्या पेंटरने निळ्या रंगावर पांढऱ्या अक्षरांत ‘आचारसंहिता’ रेखली, तेव्हा ओल्या रंगाच्या वासाबरोबर एक आशाही माझ्या अंगात मुरली होती. माणसे मला वाचतील.

वाचले कुणीच नाही. माझ्या खिळ्याला पिशव्या अडकवल्या, रेनकोट वाळत घातले. दसऱ्याला मात्र वजनकाट्याबरोबर माझीही पूजा. पहिल्या नियमावर हळदीकुंकवाची बोटे, तिसऱ्यावर झेंडूचा हार. तो वाळून काळा पडला, तरी कुणी उतरवत नसे. भक्तीचाही इतका वैताग येतो, हे मला त्या भिंतीवर कळले.

तिसरा नियम अध्यक्ष कुंडलिकरावांनीच लिहवून घेतला होता : ‘तपासल्याशिवाय कोणाचेही दूध टाकीत ओतू नये.’

यंदा दसऱ्यानंतर एका सकाळी ते स्वतःच कॅन घेऊन आले. तपासणीला त्यांचीच सून शेफाली होती. टाकीत साऱ्या गावाचे दूध जमले होते.

“ओत गं. घरचंच हाय.”

“मामंजी, आंबूस वास येतोय. थोडं उकळून बघते.”

“आता सासऱ्याची परीक्षा घेणार व्हय? मग उद्यापासनं घरीच बस.”

रांगेतल्या सगुणाबाई पुटपुटल्या, “आन् टाकी नासली तर आमी कुठं जायाचं?”

शेफालीचा हात कॅनच्या कडीवर थबकला. ओतले तर सगळ्यांची सकाळ नासणार, न ओतले तर तिची नोकरी जाणार. मी आतल्या आत तडफडत होतो; पत्र्याला कंठ नसतो, आणि माझे तोंड तर फुलांनी बांधलेले. तिने वर पाहिले. हार उतरवला आणि तिसरा नियम सर्वांना ऐकू जाईल असा वाचला. मग काचेच्या नळीत थोडे दूध उकळले. ते फाटले.

कुंडलिकरावांनी माझ्याकडे पाहिले. आपला कॅन परत उचलून ते सुनेला म्हणाले, “उद्या वेळेवर ये.” आणि काट्यावरच्या सोमनाथला म्हणाले, “बोर्डाला ताजा हार आण. लाज राखली त्यानं.”

“हार दाराला बांधा, मामंजी,” शेफाली म्हणाली.

मित्रांनो, माझेही तेवढेच मागणे आहे. माझ्यावरची धूळ पुसा, मला उजेडात टांगा, पटले नाही तर माझ्याशी भांडा. पण हात जोडून पुढे जाऊ नका. मी देव नाही. मला वाचा.