झाडाची साखर

थोरल्या नातीचं, स्वरूपाचं लग्न झालं ते साल दोन हजार अठरा. त्या लग्नाच्या पंगतीत आप्पासाहेबांनी आपल्या ताटातली जिलेबी उचलली आणि शेजारी बसलेल्या जुन्या मित्राच्या, झुंबरच्या ताटात ठेवली.

"काय रं, माझ्यावर इतकी माया कवापासनं?" झुंबर म्हणाला.

"परवा बारामतीला रगत तपासलं. साखर निघाली."

"मग? माझी बी हाय. एका दिसानं काय व्हतंय?"

"तू खा. कारखान्याची साखर ह्या तोंडात पुन्हा जानार न्हाय."

पंगतीतली दोन-चार माणसं वळून बघू लागली. आप्पासाहेबांनी एकतीस वर्षं साखर कारखान्यात पॅनवर, म्हणजे रस आटवायच्या कढईवर काढली होती. रस आटताना दाणा कधी धरतो, हे ते नुसत्या नजरेनं सांगत. साखरेच्या बाबतीत त्यांचा शब्द निरवांगी गावात कोणी खाली पडू देत नसे. त्यांनी तिथंच सगळ्यांना समजावलं. रसात चुना घालतात, गंधकाचा धूर सोडतात, मग दाणा पांढरा होतो. रोग त्या गंधकात आहे, गोडात नाही.

"झाडाची साखर निराळी," ते म्हणाले. "चिकू खा, द्राक्षं खा, केळी खा. एवढी पाखरं जलमभर फळं खात्यात. कुठल्या पाखराला साखर झालेली ऐकलीय का?"

झुंबरनं दोन्ही जिलब्या खाल्ल्या.

त्या दिवसापासून आप्पासाहेबांनी शब्द पाळला. चहा बिनसाखरेचा. दिवाळीला कारखान्याकडून सभासदांची साखर मिळाली की पिशवी परस्पर वाटून टाकायची. विहिरीवर चिकूची चार झाडं होती, त्यांचे पाच-सहा चिकू रोज. डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्या महिनाभर घेतल्या आणि सोडून दिल्या. ते अंगानं वाळत गेले, तर म्हणत, वाईट चरबी झडली. तळपायाला मुंग्या येत. त्याला ते वय म्हणत.

त्यांची थोरली बहीण रंगूबाई निमगाव केतकीला दिली होती. तिची साखर त्यांच्याही आधीची. आई गेली तेव्हा आप्पासाहेब सात वर्षांचे होते आणि रंगूबाई बारा वर्षांची. त्यांना न्हाऊमाखू घातलं ते तिनंच. दर पंधरा दिवसांनी ते वडापच्या, माणसं भरून नेणाऱ्या जीपनं निमगावला जात, चिकूंची पिशवी तिच्या पुढ्यात ठेवत आणि पहिला चिकू स्वतः सोलून देत. असंच एकदा त्यांनी विचारलं होतं,

"अक्का, ह्या गोळ्या कुठं व्हत्यात?"

"मेडिकलात."

"मेडिकलात इकत्यात. व्हत्यात कुठं? कारखान्यातच की! बंद कर."

"बरं," रंगूबाई म्हणाली होती.

सहा वर्षं अशी गेली. दोन हजार चोवीसच्या फाल्गुनात रंगूबाईची सून सुप्रिया हिचा फोन आला. ती गावातल्याच आरोग्य उपकेंद्रात नर्स होती. दुसरंच काही बोलता बोलता तिनं सांगितलं, की आत्यांच्या, म्हणजे सासूबाईंच्या पायाच्या अंगठ्याला जखम झाली आहे आणि भरायला वेळ लागतोय.

"चिकू खाती ना ती?" आप्पासाहेबांनी विचारलं.

"खातात की, मामा."

त्यांनी फोन ठेवला. साखरेच्या माणसाची जखम भरली नाही की पुढं काय होतं, ते त्यांनी गावात तीन जणांच्या पायांवर पाहिलं होतं. त्या तिघांना ते सांगत, तुम्ही पांढरी साखर सोडली नाही म्हणून. अक्कानं तर सोडली होती.

संध्याकाळी ते पुतण्याच्या, संदेशच्या द्राक्षबागेत गेले. व्यापारी दुसऱ्या दिवशी माल बघायला येणार होता आणि संदेश बोटाएवढ्या दुर्बिणीसारखं यंत्र डोळ्याला लावून बसला होता. काचेवर रसाचा थेंब टाकायचा, झाकण लावायचं, उजेडाकडं बघायचं. वर निळं, खाली पांढरं, आणि मधल्या रेघेवर आकडा.

"ब्रिक्स का रं?" आप्पासाहेबांनी विचारलं.

"व्हय आप्पा. अठरा आला. तुमाला म्हाईतच हाय की."

माहीत होतंच. ब्रिक्स म्हणजे रसातला गोडवा. कारखान्यात ते हाच आकडा दिवसातून दहादा विचारत. त्यांनी बांधापलीकडच्या उसाचं कांडं मोडून आणायला लावलं. पिळून थेंब टाकला. एकोणीस. मग त्यांनी बंडीच्या खिशातून चिकू काढला, धोतराच्या सोग्यात धरून पिळला आणि काच आधी स्वच्छ पुसून घेतली.

बावीस.

त्यांनी काच पुन्हा पुसली आणि दुसरा थेंब टाकला.

"संदेश, ह्येला फरक कळतो का? झाडाची कुठली, कारखान्याची कुठली?"

"फरक कसला, आप्पा? साखर हाय तेवढी दावतंय ते."

आप्पासाहेबांनी यंत्र त्याच्या हातात दिलं. धोतराचा सोगा चिकट झाला होता. तो त्यांनी पाटाच्या पाण्यात बराच वेळ धुतला.

दुसऱ्या दिवशी ते पिशवी न घेता निघाले. जीपमध्ये शेजारच्यानं राम राम घातला तो त्यांना ऐकू आला नाही. अक्काचा पाय गेला तर तो आपल्या शब्दानं गेला, एवढंच त्यांच्या मनात होतं. तिला सांगायचं वाक्य ते जुळवत होते आणि ते काही जुळत नव्हतं. निमगावला उतरून वस्तीपर्यंतचा मैलभर रस्ता ते भराभर चालले.

दारात चप्पल काढायला वाकले तर डाव्या पायात चप्पल होती, उजव्यात नव्हती. त्यांनी मागं रस्त्याकडं पाहिलं. जीपमध्ये राहिली असेल म्हणून आत गेले.

रंगूबाई बाजेवर बसली होती. अंगठ्याला पांढरी पट्टी होती.

"आज मोकळ्या हातानं? झाडं वाळली काय रं?"

आप्पासाहेब खाली भिंतीला टेकून बसले.

"अक्का, मी तुला चुकीचं सांगितलं. झाडाची बी साखरच. काल मापून बघितली. तू आजपासनं गोळ्या चालू कर."

रंगूबाईनं सुनेकडं पाहिलं. सुप्रिया फळीवरची लावलेली भांडी पुन्हा लावू लागली.

"बंद कुठं केल्यात मी?" रंगूबाई म्हणाली.

मग तिनं सगळं सांगितलं. गोळ्या सुप्रिया आणते. एरवी त्या कोनाड्यात असतात, आप्पा यायचा असला की शेवयांच्या डब्यात जातात. चिकू त्याच्यासमोर एक खायचा, बाकीचे शेळ्यांना.

"शेळ्या बघ जा, कशा झाल्यात."

"आन अंगठा?"

"नवी चप्पल चावली. भरत आलाय आता."

"उपाशीपोटी एकशेवीसच्या आत असते आत्यांची," सुप्रिया म्हणाली. "आणि फळाला कोण नको म्हणतंय, मामा? एखादा चिकू चालतो, त्या दिवशी भाकरी थोडी कमी करायची. गोळी सोडून रोज पाच-पाच खाल्ले, तर मात्र अवघड."

आप्पासाहेब हसले. कालपासून छातीवर बसलेलं ओझं एकदम उतरलं, तसे मोठ्यानं हसले. रंगूबाईही पदर तोंडाला लावून हसली. मग त्यांचं हसू थांबलं.

"मला का न्हाय सांगितलंस?"

"तुला कोन सांगनार, आप्पा? समद्यांना सांगनारा तूच."

तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता. मग ती म्हणाली,

"आन मला वाटायचं, तू बी घेत असशील. लोकांना एक सांगायचं आन घरात गुपचूप गोळी गिळायची. मानसं तसंच करत्यात की."

आप्पासाहेबांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली आणि तिची घडी सारखी करत राहिले.

सुप्रियाचं लक्ष फरशीवर गेलं. दारापासून मामांपर्यंत एकाआड एक पावलावर लाल ठसा होता. ती पाणी घेऊन आली आणि तिनं त्यांचा उजवा पाय मांडीवर घेतला. तळव्यात बाभळीचा काटा मोडला होता, चांगला बोटाच्या पेराएवढा. तिनं चिमट्यानं ओढून काढला.

"दुखलं का, मामा?"

"काय?" आप्पासाहेब म्हणाले.

सुप्रियानं काटा वाटीत टाकला. सासूकडं न बघता उठली, कपाटातून साखर बघायचं मशीन आणलं आणि त्यांच्या बोटाला सुई टोचली. मशीननं वेळ घेतला.

"किती?"

"हाय, असं आलंय."

"हाय ते कळलं गं. पन किती हाय?"

"इंग्रजीतलं हाय, मामा. सहाशेच्या वर गेली की ह्याच्यावर आकडा येत नाही." ती फोन शोधू लागली. "गाडी बोलावते. आत्ताच बारामतीला जायचं."

बाजेवरून रंगूबाई खाली उतरली. पट्टी बांधलेल्या पायानंच ती भावापाशी आली, त्याच्या पायाशी बसली आणि पदरानं त्याचा तळवा पुसू लागली. आप्पासाहेब तिच्या हाताकडं बघत होते. तो हात लागतोय का, हे त्यांना बघूनच कळत होतं.

त्या उन्हाळ्यात त्यांची उजव्या पायाची दोन बोटं काढली. दिवाळीनंतर पाय गुडघ्याखाली काढला. पुढं मूत्रपिंडं थकली. दोन्ही शस्त्रक्रियांच्या वेळी रंगूबाई आपल्या पायानं दवाखान्याचा जिना चढून भेटायला आली. आप्पासाहेब मंगळवारी, अकरा फेब्रुवारी दोन हजार पंचवीसला सकाळी वारले. वय चौऱ्याहत्तर होतं.