धाकट्याचं काम काय

"तो धाकटा मुलगा कशाला हवाय?" मागच्या बाकावरच्या चष्मेवालीने विचारलं. "तो काहीच करत नाही. नुसता आहे."

ज्यांची कथा होती त्या काकू पुढच्याच बाकावर होत्या, पण त्यांना बोलायची सोय नव्हती. कथालेखनाच्या वर्गात सरांचा नियमच तसा होता. आपल्या कथेवर चर्चा चालू असताना लेखकाने ब्रसुद्धा काढायचा नाही. कथा छापून आली की लेखक थोडाच घरोघरी समजावत फिरणार आहे? टेलिफोन खात्यात उभा जन्म बोलण्यात घालवून, निवृत्त झाल्यावर कॉलेजात आलेल्या बाईला ही शिक्षाच होती.

"काढून टाका त्याला, कथा घट्ट होईल," शेजारचा मुलगा म्हणाला. सरांनीही मान डोलावली. चष्मेवालीने कथा मन लावून वाचली होती आणि तिचं चुकतही नव्हतं. काकूंना तेच जास्त लागलं. शेवटी बोलायची पाळी आली तेव्हा त्या एवढंच म्हणाल्या, "बघते."

कथेतला तो धाकटा त्यांचाच मुलगा होता. दीड वर्षाचा असताना तापाने गेला, त्याला तीसेक वर्षं होऊन गेली. काकांनी त्याचा फोटो कपाटात ठेवला तो ठेवलाच, आणि त्या दिवसापासून घरात त्याचा विषय बंद झाला. कुठेतरी तो असावा म्हणून काकूंनी त्याला कथेत आणलं होतं. पण हीच कथा परीक्षेला द्यायची होती, आणि आपल्याला लिहिता येतं हे या वयात एकदा तरी कुणाकडून ऐकायचं होतं.

घरी येऊन त्यांनी धाकट्याची वाक्यं खोडली. कथा खरोखरच घट्ट झाली, याचा त्यांना राग आला.

संध्याकाळी काका वाटाणे सोलत बसले होते, तेव्हा त्यांना ती वाचून दाखवली. पहिला खर्डाही काकांनी असाच ऐकला होता, हूं की चूं न करता. कथा संपली तरी ते सोलतच होते.

"धाकटा कुठे गेला?"

"काढला," काकू म्हणाल्या. "वर्गात म्हणाले, तो काही करत नाही."

"करत कसा नाही?" काकांनी ताट बाजूला सारलं. "तू सकाळच्या पाळीला गेलीस की माझ्या बुटांत जाऊन उभा राहायचा. मला कामावर जाऊच द्यायचा नाही. रोज उचलून बाजूला ठेवायला लागायचं."

"तुम्ही कधी बोलला नाहीत."

"कसं बोलणार? तुला रडू आलं असतं."

"ते आत्ताही येतंय," काकू म्हणाल्या, आणि आलंच. काकांनी त्यांना रडू दिलं. स्वतः मात्र खिडकीबाहेर बघत राहिले.

परीक्षेत काय व्हायचं ते होवो, असं काकूंनी मनाशी ठरवलं. डोळे पुसून त्यांनी कोरा कागद ओढला.

"दोन्ही बुटांत उभा राहायचा?" लिहिता लिहिता त्यांनी विचारलं.

"नाही," काका म्हणाले. "एकाच. दोन्ही पाय एकाच बुटात मावायचे."