दोन कानांचा दुतोंड्या

मित्रांनो, माणसाला शहाणं करण्याचं काम आजवर तिघांनीच केलं आहे: गुरूने, ग्रंथाने आणि मी. पहिल्या दोघांना लोक नमस्कार करतात. मला ड्रॉवरमध्ये, संपलेल्या सेलांच्या शेजारी ठेवतात.

मी एक जुना स्प्लिटर आहे. एका टोकाला पिन, दुसऱ्या टोकाला दोन भोकं आणि मध्ये वीतभर वायर, एवढाच माझा देह. लॅपटॉपच्या एका भोकातला आवाज मी दोघांच्या कानांत पोहोचवतो. कारखान्यात माझी इतकी भावंडं एका दमात जन्मली, की नाव ठेवायला कुणालाच फुरसत झाली नाही. पुढे दुकानातल्या खिळ्यावर मी बरीच वर्षं लटकलो. शेवटी एका निवृत्त हेडमास्तरांनी मला खाली उतरवलं.

त्यांच्या सूनबाईंनी चष्म्याच्या दुकानात काम करण्याचा ऑनलाइन कोर्स लावला होता. कोपऱ्यावरच्या चष्मेवाल्याने शब्द दिला होता, "तोंडी परीक्षा पास व्हा, काउंटर तुमचा." लग्नानंतर पहिल्यांदाच घराबाहेरचं काम दाराशी आलं होतं, आणि ते हुकलं तर चष्मेवाला थांबणार नव्हता. सूनबाई धास्तावल्या. हेडमास्तर म्हणाले, "घाबरतेस काय? मी आहे ना!"

आणि ते खरोखरच होते. रोज होते. एक इअरफोन सूनबाईंच्या कानात, दुसरा यांच्या, आणि मधे मी. "बाबा, हा तुमचा दुतोंड्या आणा," असं त्या म्हणायच्या. तेच माझं पहिलं आणि शेवटचं नाव. सुरुवातीला माझं फार कौतुक झालं. निसटलेला शब्द बाबा पुन्हा सांगायचे, अवघड भाग कागदावर काढून दाखवायचे. सूनबाई रंगात आल्या. आरशासमोर उभं राहून स्वतःच्याच बुबुळांमधलं अंतर मोजू लागल्या.

पण मित्रांनो, हेडमास्तरांना एक जुनी खोड होती. प्रश्न हवेत लोंबकळलेला त्यांना बघवत नसे. वर्गातल्या मुलाने "अं..." म्हटलं, की पुढचं उत्तर हे स्वतःच देऊन टाकत आणि वर त्या मुलाला शाबासकी देत. कोर्सच्या बाईंची तऱ्हा नेमकी उलटी. प्रश्न विचारून त्या मुकाट वाट बघत. बाई थांबल्या की हेडमास्तर खुर्चीत चुळबुळ करू लागायचे.

सराव परीक्षेत तेच झालं. बाईंनी विचारलं, "भिंगाचा मध्य कुठे यायला हवा?" सूनबाईंनी श्वास घेतला, तेवढ्यात बाबा कुजबुजले. त्यांची कुजबुज म्हणजे शेवटच्या बाकापर्यंत जाणारी. "बुबुळासमोर!"

बाई शांतपणे म्हणाल्या, "उत्तर बरोबर. आता परीक्षा कुणाची घ्यायची, तेवढं ठरवा."

"हिचीच, हिचीच!" मागून बाबा म्हणाले.

बाईंनी बजावलं, पुन्हा असं झालं तर नापास. मग जरा मऊ आवाजात म्हणाल्या, "अडलात तर मलाच विचारा. कितीही वेळ घ्या. मला गप्प बसायचाच पगार मिळतो."

त्या दिवशी मला लॅपटॉपमधून उपटून फेकण्यात आलं. सगळा राग माझ्यावर निघाला. मी कोपऱ्यात पडून होतो. दोघांना जोडण्याचा उद्योग करणाऱ्याच्या नशिबी हेच असतं.

परीक्षेच्या दिवशी बाबा स्वतःहून म्हणाले, "मी बाहेर जाऊन बसू का?"

"नको," सूनबाई म्हणाल्या. "तुम्ही इथे असलात की मला धीर येतो. बसा." आणि त्यांनी बाबांच्या कानात इअरफोन घातला, मला त्यांच्यासमोर ठेवलं, स्वतःचा इअरफोन मात्र थेट लॅपटॉपमध्ये खोचला. माझी पिन टेबलावर मोकळी! कामावर असताना पहिल्यांदाच मी कशातच खोचलेला नव्हतो.

बाईंनी काहीतरी विचारलं असावं, कारण सूनबाई म्हणाल्या, "हो बाई, सासरे आहेत खोलीत. पण त्यांना तुमचं काही ऐकू येत नाही."

बाबा चमकले. या घरात त्यांना बहिरं म्हणायची कुणाची छाती नव्हती! त्यांनी कान चाचपला, वायर धरून खाली खाली आले, माझ्यापाशी पोहोचले आणि मोकळी पिन बघितली.

मला वाटलं, आता भडका उडणार. बाबांनी पिनेकडे पाहिलं, सुनेच्या पाठीकडे पाहिलं. मग मला हळूच मुठीत झाकलं आणि तो मुका इअरफोन कानात आणखी घट्ट बसवला.

परीक्षा सुरू झाली. सूनबाई नीट बोलत होत्या. एका प्रश्नाला मात्र अडल्या. "नवा चष्मा लावल्यावर जिना तिरका दिसतो? अं... नंबर चुकला असेल... नाही, थांबा बाई." बाबांच्या मुठीत मी चेपलो. त्यांना प्रश्न कळला होता, उत्तर तर ओठांवर होतं. ते ओठ त्यांनी दाताखाली धरले. प्रश्न हवेत लोंबकळत राहिला आणि, मित्रांनो, छप्पर काही कोसळलं नाही.

"आधी चष्मा नाकावर कसा बसलाय ते बघेन," सूनबाई सावकाश म्हणाल्या. "वाकडा बसला असेल तर नंबर बरोबर असूनही वाकडंच दिसेल. मग भिंगाचा मध्य तपासेन. नंबराला हात सगळ्यात शेवटी."

जरा वेळाने त्या खुर्चीतून उठल्या. "बाबा, पास!"

बाबांनी एवढा मोठा श्वास सोडला की टेबलावरचे कागद हलले. "ऐकलं ना मी सगळं," ते म्हणाले. "तुझ्या बाई चांगल्या बोलल्या." सूनबाई हसल्या, बाबाही हसले.

आता सूनबाई काउंटरवर उभ्या असतात. पुढचा कोर्सही लावला आहे, एकाच इअरफोनवर. बाबा दुसऱ्या खोलीत वर्तमानपत्र वाचतात. हाक आली तरच उठतात, आणि हल्ली हाक क्वचित येते. मी निवृत्त झालो, पण खोटं कशाला सांगू, सुटल्यासारखं वाटतं. दोघांचा भार एका पिनेवर पेलणं सोपं नसतं. आधार असा द्यावा, की एक दिवस तो कशातच खोचलेला नसला तरी चालावं. एवढं मला कळलं.

बाकी माझं काही मागणं नाही. फक्त कधी मला वापरलंत, तर काढताना वायर ओढू नका. पिनेला धरा. मान दुखते.