उपरण्याखालचा पहिला नंबर

एकोणीसशे चौऱ्याहत्तर साली सांगलीच्या विश्रामबागेत माझ्याइतका जपलेला माणूस दुसरा नव्हता. दर बुधवारी माझं वजन व्हायचं, तेही किराणा दुकानाच्या मोठ्या तराजूत. एका पारड्यात मी, दुसऱ्यात गुळाच्या ढेपा. म्हणाल, म्हातारा सुरू झाला. झालोच आहे. पण ढेपा उचलून ठेवणारा गुंडा अजून हयात आहे, त्याला विचारा. तो माझ्यापेक्षा दोन ढेपा जास्तच सांगेल.

त्याचं असं झालं. मी रहिमतपूरकडचा. वडील फौजेतून हवालदार होऊन परतलेले. मी बी.कॉम. झालो तेव्हा त्यांनी पेढ्याऐवजी हुकूम दिला, "हंबीर, पुढच्या दिवाळीपत्तूर बँकेत लाग. न्हाईतर माझ्यासंगं भरतीला चल." भरतीच्या टेपेला पुरेल एवढी छाती फुगवायला मला दोन माणसांचा श्वास लागला असता. म्हणून मी सांगलीला पळालो आणि बँकेच्या परीक्षेचा अभ्यास सुरू केला. घरून दमडी येत नव्हती. दिवसभर मी जमाखर्च, ताळेबंद आणि चक्रवाढ व्याज घोकत असे. उदाहरणं शोधायला पुस्तक लागत नसे. सगळी उदाहरणं दाराशी येऊन हाका मारत.

मुख्य उदाहरणं चार. राहीबाई खानावळवाल्या, एकशे नव्वद रुपये. आदगोंडाअण्णा किराणावाले, शहाण्णव. नानासो मास्तर, टायपिंगची फी आणि क्लासच्या माळ्यावर झोपायचं भाडं धरून सत्तर. आणि सायकलवाला गुंडा, माझ्याच वयाचा, छप्पन्न. एकूण चारशे बारा. ही बेरीज मी झोपेतही बरोबर सांगायचो, एवढा माझा अभ्यास पक्का होता.

श्रावणातल्या एका रविवारी चौघं एकदमच आले. माळ्याला जिना एकच, आणि जिन्यात आदगोंडाअण्णा. अण्णा जिन्यात असले की उजेडसुद्धा आत येत नसे.

"आज पैसं घेतल्याबिगर हालायचं न्हाई," अण्णा म्हणाले.

"माझं आधी," राहीबाई म्हणाल्या. "ह्यो उबा हाय त्यो माझ्या भाकरीवर."

"उबा हाय भाकरीवर, पर फिरतोय माझ्या सायकलीवर," गुंडा म्हणाला. "आधी माझं."

नानासो मास्तरांनी नुसता चष्मा पुसला. त्याचाही अर्थ 'आधी माझं' असाच होता.

आणि तिथंच मला मामा आठवला. माझा मामा म्हसवडच्या बैलबाजारात दलाल होता. तिथं बैलाची किंमत तोंडानं बोलत नाहीत. घेणारा आणि देणारा उपरण्याखाली हातात हात घालतात, एकमेकांची बोटं दाबून सौदा ठरवतात. भोवती शंभर माणसं असोत, कुणाला काही कळत नाही. आणि एक नेम अगदी कडक: उपरण्याखाली जे ठरलं ते मेलं तरी तिसऱ्याला सांगायचं नाही. सांगणाऱ्याशी पुन्हा बाजारात कुणी हात मिळवत नाही. हा नेम सातारा-सांगलीकडं शेंबड्या पोरालाही ठाऊक.

मी म्हणालो, "मंडळी, चौघांच्या देखत व्यवहार बोलू नये. नोकरी लागली की पहिल्या पगारातनं फेड सुरू. त्यात कुणाचा नंबर कितवा, ते एकेकाला उपरण्याखाली सांगतो. एक बोट म्हणजे पहिला नंबर, दोन म्हणजे दुसरा. कबूल?"

बैलबाजाराचं नाव निघाल्यावर नाही म्हणणार कोण? अण्णांच्याच खांद्यावरचं उपरणं घेतलं. पहिले अण्णा. मी त्यांचं एक बोट दाबलं. मग मास्तर. एक बोट. मग गुंडा. एक बोट. राहीबाई मात्र अडून बसल्या.

"आरं मेल्या, चार मानसांत बाईचा हात धरतुयास व्हय?"

"राहीमावशी, नंबर हुकंल."

"मग धर. लेकराला चालाया शिकीवतीया आसं समजते." आणि त्यांनी उपरण्याखाली आपणहून एकच बोट पुढं केलं. म्हणजे तिथं माझा काही अपराधच नाही.

उपरण्यातनं हात बाहेर आला की प्रत्येकाचा चेहरा एकसारखा व्हायचा. गालात गुळाचा खडा ठेवावा आणि कुणाला दिसू नये म्हणून ओठ घट्ट मिटावेत, तसा. हा चेहरा ध्यानात ठेवा. चौघं जिना उतरताना एकमेकांना धीर देत होते. "तुमचंबी बुडायचं न्हाई हो मास्तर," अण्णा अगदी कळवळून सांगत होते. "जरा उशीर हुईल, एवढंच."

दुसऱ्या दिवसापासून माझं नशीब पालटलं. पहिला नंबर असलेला माणूस आपला कर्जदार मरू देत नाही. पहाटे मास्तर माळ्याच्या फळ्या काठीनं ठोकून मला उठवत आणि फुकट टायपिंग शिकवत. त्यांच्या मशीनचा एक अक्षरदांडा इतक्या जोरात उसळायचा, की कागद सोडून थेट माझ्या कपाळावर उमटायचा. नाश्त्याला राहीबाईंकडं भाकरीवर तुपाची धार, तीही इतर गिऱ्हाइकांना दिसू नये म्हणून भाकरीच्या खालच्या बाजूनं. वांगं त्यांनी बंदच केलं. "वांग्यानं झोप येती. तू गणितं सोडीव." गुंडानं नवी टायर घातलेली सायकल दिली, पण अट अशी, की तीन चढांवर उतरून ढकलायची. "पडलास, मुका मार लागला, तर माझं छप्पन्न रुपयं कुणाला मागू गड्या?"

अण्णा मात्र पक्के व्यापारी. त्यांनी गुंडाला ढेपा उचलायला लावून माझं दर बुधवारी वजन करायला सुरुवात केली.

"कशाला हो अण्णा?"

"तारण वाळाया नगं," अण्णा म्हणाले आणि शेंगदाण्याची पुडी हातात कोंबली. पुडीच्या कागदावर त्यांनी स्वतः व्याजाचं एक उदाहरण लिहिलेलं असे. उत्तर आणल्याशिवाय पुढची पुडी नाही. तीन महिन्यांत मी सव्वातीन ढेपा चढलो.

या सगळ्या मायेत एकच अडचण होती. प्रत्येक जण माया वहीत मांडून ठेवत होता. परीक्षा पास झालो, तोंडी मुलाखतीचं बोलावणं आलं, तेव्हा मी ताळेबंद काढला. कर्ज चारशे बारावरून सातशे अकरावर गेलं होतं. दिवाळी वीस दिवसांवर. जागा साताऱ्याच्या एका सहकारी बँकेत. लागलो तर सुटलो, नाही तर वडिलांबरोबर भरतीला, आणि हे चौघं भरतीच्या मैदानापर्यंत मागून.

सांगलीहून साताऱ्याची पहाटेची एस.टी. पकडली. कुणालाच सांगितलं नव्हतं. कराडला गाडी थांबली, चहाला उतरलो, तर समोरच्या बाकावर कुणीतरी उलटं वर्तमानपत्र वाचत होतं. खाली मास्तरांच्या चपला. मागच्या दारातून टोपी नाकापर्यंत ओढून गुंडा उतरला आणि थेट एका बाईवर आदळला. तिनं डोईवरचा पदर हनुवटीपर्यंत ओढला होता. पदराआडून आवाज आला, "मुडद्या, डोळं फुटलं का?" तो आवाज ओळखायला पदर बाजूला करावा लागत नाही. आणि चहाच्या गाड्यापाशी अण्णा. अण्णांना लपायला कराडचा स्टँडच पुरत नव्हता.

"तुमी कुटं?" राहीबाईंनी विचारलं.

"पावण्याकडं," अण्णा म्हणाले. "आन् तुमी?"

"मीबी पावण्याकडं."

मास्तरही पाहुण्याकडं आणि गुंडाही पाहुण्याकडं. चौघांचा पाहुणा चहाची बशी धरून मध्येच उभा होता, पण त्याला कुणी ओळख दाखवली नाही.

साताऱ्याला बँकेच्या व्हरांड्यात आम्ही चार उमेदवार बाकावर बसलो. समोरच्या बाकावर माझे चार पाहुणे. माझा नंबर शेवटचा. आधीचे तिघं एकेक करून आत गेले आणि बाहेर आले. बाहेर येताना तिघांचेही चेहरे एकसारखे. हा चेहरा आपण कुठंतरी पाहिलाय, असं वाटलं, पण तेवढ्यात शिपायानं माझं नाव पुकारलं.

आत चेअरमन. भगवा फेटा, खांद्यावर उपरणं, हातापायांवर उसाच्या पाचटाचे ओरखडे. शेजारी दोन संचालक पेंगत होते. चेअरमननी जमा-नावे विचारलं, चक्रवाढ विचारलं. मी शेंगदाण्याच्या पुड्या आठवून फडाफड उत्तरं दिली. मग ते पुढं वाकले.

"आंगावर कर्ज किती हाय?"

खोटं बोलावं असं मनात आलं होतं. पण सातशे अकरा हा आकडा इतका पाठ होता, की तो आपसूक बाहेर पडला.

"सातशे अकरा? बिनपगारी मानसाला? कुनी दिलं?"

"बाहेर बसलेत, साहेब."

चेअरमननी चौघांना आत बोलावलं. "काय हो, ह्याला नोकरी लागली तर तुमचं पैसं मिळत्याल, ह्याची खात्री काय?"

नेम आहे म्हणून गप्प बसतील, असं वाटलं होतं. पण नोकरीच माझ्यासाठी मागायची वेळ आली, तेव्हा चौघांनीही माझ्यावरच्या मायेनं नेम मोडला. एकाच दमात, एकाच सुरात:

"खात्री हाय की! माझा पयला नंबर हाय!"

पेंगणारे दोन्ही संचालक जागे झाले. चौघांनी एकमेकांकडं बघितलं, मग माझ्याकडं. राहीबाईंनी पदर कमरेला खोचला.

"उपरन्याखाली?" चेअरमननी हळूच विचारलं.

"व्हय," अण्णा म्हणाले. त्यांचा आवाज पहिल्यांदाच बारीक झाला होता. "उपरनंबी माझंच."

आणि चेअरमन हसायला लागले. फेटा डोक्यावरून सुटून खांद्यावर, खांद्यावरून टेबलावर, टेबलावरून पार दारापर्यंत उलगडत गेला. "कर्ज बुडीवनारं लय बघितलं," ते डोळे पुसत म्हणाले, "पर सावकारांनी तूप चारून वाढीवलेला कर्जदार पयल्यांदा बघतुय! सारी भाईर जावा. ह्यो एकटा थांबू दे."

सगळे बाहेर गेल्यावर त्यांनी खांद्यावरचं उपरणं काढलं आणि मला हात पुढं करायला सांगितलं. मी हात घातला. चेअरमननी माझं एक बोट घट्ट दाबलं.

एक बोट! माझा पहिला नंबर! मी गालात गुळाचा खडा सांभाळत, ओठ मिटून बाहेर आलो. राहीबाईंनी कानच धरला.

"आमास्नी फशीवतुस व्हय रं? ह्येचं मुंडकंच मुरगाळते."

"मावशी, मुरगाळलं तर सातशे अकरा बुडतंय," गुंडा म्हणाला. राहीबाईंनी मुंडकं सोडलं, पण कान राहू दिला. मग त्या माझ्या तोंडाकडं निरखून बघायला लागल्या.

"अण्णा, ह्येचं त्वांड बगा वाईच. आपलं झालं हुतं तसंच झालंय का न्हाई?"

अण्णांनी बघितलं. मग समोरच्या बाकावर बसलेल्या तीन उमेदवारांकडं बघितलं. मीही बघितलं. तीन तोंडं, तीन गुळाचे खडे. माझा खडा तिथंच विरघळला.

"गेला बैल बाजारातनं!" गुंडा म्हणाला आणि व्हरांड्यातच खाली बसून हसायला लागला. मास्तर आयुष्यात पहिल्यांदा हसले, चष्मा पडला. परतीच्या एस.टी.त चौघांनी मला मधल्या सीटवर कोंबलं आणि सांगलीपर्यंत माझ्या तोंडाची नक्कल केली. कंडक्टरनंसुद्धा दोनदा केली.

पुढचे पंधरा दिवस मात्र कुणी हसलं नाही. अण्णांनी वजन करणं थांबवलं. राहीबाईंनी तूप भाकरीच्या वरच्या बाजूला आणलं आणि मग बंदच केलं. वडिलांचं कार्ड आलं: 'बूट घेऊन ठेवले आहेत.'

दिवाळीला दोन दिवस असताना बँकेचं पत्र आलं: दिवाळीनंतर पहिल्या तारखेला हजर व्हा. पण जागेचा उल्लेख नाही, पगाराचा नाही. त्या तारखेला मी साताऱ्याला गेलो. बँकेच्या दारावर यादी लावलेली, आणि यादीपुढं बाकीचे तिघंही आपापलं पत्र धरून उभे. यादीत चार नावं होती. प्रत्येक नावाच्या आधी नंबर होता एक. एक, एक, एक, एक.

"जागाच चार हुत्या," चेअरमन दारात उभे राहून म्हणाले. "पर पयला नंबर सांगितला न्हाई तर चांगली पोरं दुसऱ्या बँकंत पळत्यात. खोटं बोललो का कुनाशी?"

महिन्याअखेर दोनशे वीस रुपये हातात पडले. खिशातल्या शेवटच्या सुट्या पैशांचं तिकीट काढून मी थेट सांगली गाठली. टायपिंगच्या जिन्यात चौघं उभे. मी चार पाकिटं काढली, प्रत्येकात पंचावन्न रुपये आणि प्रत्येकावर मोठ्या अक्षरात 'नं. १'. चौघांनी पाकिटं एकाच वेळी घेतली, एकाच वेळी फोडली, एकाच वेळी मोजली. राहीबाईंनी नोटा कपाळाला लावल्या आणि म्हणाल्या, "चल, जेवून जा. वांगं केलंय."

जेवलो, वांगं खाल्लं, झोप आली, निघायला उठलो आणि खिशात हात घातला. चार पंचावन्न म्हणजे दोनशे वीस. साताऱ्याच्या परतीच्या तिकिटाला दोन पैसेसुद्धा उरले नव्हते. बँकेत कारकून झालेल्या माणसाचा हा पहिला ताळेबंद, आणि अगदी पैशाला पैसा जुळलेला.

गुंडाच्या दुकानात गेलो. "गड्या, एस.टी.चं भाडं दे."

गुंडानं चेन ओढता ओढता वर बघितलं. नुकत्याच मिळालेल्या पाकिटातून दहाची नोट काढली. मग ग्रीसचे हात पुसायचं काळंकुट्ट फडकं उचलून आमच्या दोघांच्या हातांवर टाकलं.

"सांग. कितवा नंबर?"

मी काय सांगितलं ते विचारू नका. नेम म्हणजे नेम. एवढंच सांगतो, की साताऱ्याला उतरलो तेव्हा माझं एक बोट काळं होतं, आणि सांगलीत त्या दिवशी गुंडाच्या गालात गुळाचा खडा होता.