शेवटचं प्रकरण राहिलंय

"दीडशे पानं झाली बाई, अजून एक मुडदा पडंना," साबेरा मंजुश्रीच्या कानाशी पुटपुटली. "नुसतं धुकं पडून राहिलंय. धुकं, बंगला, कंदील. बंगल्यात कोण ऱ्हातं ते तरी सांग म्हणावं."

तिने हातातली लाल कव्हराची रहस्यकथा मांडीवर आपटली आणि पदराने वारा घेतला. मंजुश्रीने मान हलवली, पण तिचं लक्ष नव्हतं. दर गुरुवारी चार वाजता ती लातूरच्या गंजगोलाईजवळच्या या दुकानात येऊन बसायची, आणि गेले दीड महिने एका पुस्तकाबद्दल कोणी काही म्हणेल याची वाट बघत बसायची. त्या पुस्तकाचं नाव कोणी काढत नव्हतं.

दुकान गफूरचाचांचं, पुस्तकं बांधायचं. खळीचा वास, लोखंडी दाबयंत्र, कोपऱ्यात वह्यांची चळत आणि चार खुर्च्या. पूर्वी लोक फाटक्या कादंबऱ्या बांधायला टाकून जायचे आणि महिनामहिना न्यायला यायचे नाहीत. त्या वाचता वाचता चाचांना नाद लागला, मग शेजारच्या साबेराला, मग कोर्टातून रिटायर झालेल्या नागसेनभाऊंना. मंजुश्री सगळ्यांत शेवटी आली, दहा वर्षांपूर्वी. नियम एकच होता. सगळ्यांचं वाचून होईपर्यंत शेवट सांगायचा नाही. जो सांगेल त्याने सगळ्यांना चहा पाजायचा. नागसेनभाऊंनी आजवर दोनदा पाजला होता, दोन्ही वेळा रागाच्या भरात.

"माझं सांगू का?" नागसेनभाऊ म्हणाले. "माझ्यातलं भूत कोर्टात साक्ष द्यायला येतंय. बरं, आलं तर आलं. पण शपथ न घेता बोलतंय! एवढी नोकरी केली मी, शपथेशिवाय माणसाला बोलू दिलं न्हाई, आन् हे भूत खुशाल उलटतपासणी देतंय."

"तुमचं भूत तरी बोलतंय," चाचा म्हणाले. "माझ्या कादंबरीतली पोरगी अन् पोरगा सात प्रकरणं झाली गच्चीवर उभे हायेत. ती म्हणती, मला काही सांगायचंय. तो म्हणतो, मलापण. अरे सांगा ना बाबा एकदाचं!"

सगळे हसले. मंजुश्री हसली नाही.

"आणि ती?" तिने विचारलं. "रद्दीतली?"

दुकानात एकदम कामं निघाली. चाचांनी खळीची वाटी जवळ ओढली. साबेराने लाल कादंबरी पुन्हा उघडली.

ती रद्दीत सापडली, असं मंजुश्रीनेच सांगितलं होतं. कव्हर नाही, लेखकाचं नाव नाही, वाचून बघा बरं कशी आहे. खरं तर ती तिने चार वर्षं दुपारच्या वेळी लिहिली होती आणि मुदखेडच्या भाचीकडून गुपचूप टाइप करून आणली होती. दहावीनंतर शाळेचं तोंड न पाहिलेल्या बाईने दोनशे पानांची रहस्यकथा लिहिली, हे तिचं तिलाच खरं वाटत नव्हतं. म्हणून तिला दुसऱ्या कोणाकडून ऐकायचं होतं. वाईट असली तर वाईट म्हणा. पण शेवटापर्यंत या आणि काहीतरी म्हणा.

रद्दीतल्या कादंबरीचा कागद एवढा पांढराशुभ्र कसा, हे मात्र तिच्या डोक्यात आलं नव्हतं. पानं शिवताना चाचांच्या आलं होतं. ते काही बोलले नव्हते.

"चांगलीय," साबेरा म्हणाली. "अक्षर जरा मोठं पायजे होतं."

"अक्षराचं सोड. गोष्ट?"

"गोष्ट चांगलीच हाय की. फक्त माझं शेवटचं प्रकरण राह्यलंय."

"मागच्या वेळी पण तेच राहिलं होतं."

"लगीन होतं ना उदगीरला," साबेरा पानात बघत म्हणाली.

"पंचनामा चुकलाय," नागसेनभाऊंनी घाईने सांगितलं. "दोन पंच लागतात, इथं एकच हाय. बाकी पकड चांगली हाय. माझंबी शेवटचं प्रकरण तेवढं..."

"चाचा?"

"मी तर वहिनी, बांधणारा माणूस. वाचतो कमी." चाचांनी ब्रश उगाच खळीत बुडवला. "शेवटचं प्रकरण राहून गेलं खरं."

मंजुश्रीला ओरडावंसं वाटलं. भुताच्या शपथेवर अर्धा तास भांडणारी ही माणसं, आणि तिच्या दोनशे पानांवर अक्षर, पंच आणि राहून गेलं! तीन माणसांचं एकच प्रकरण राहतं कसं? नियमाच्या आड लपायचं असेल तर लपा, पण इतकी वाईट आहे का ती?

तिने तर सगळा जीव त्या शेवटच्या प्रकरणातच ओतला होता. अर्धापूरचे केळीचे व्यापारी नागनाथशेट भर दुपारी बैठकीत मरून पडतात. इन्स्पेक्टर भागीदारावर संशय घेतो, पुतण्यावर घेतो, पेढ्यांत विष शोधतो. विष कुठंच नसतं. शेवटी कळतं, की शेटच्या छातीत कळ आली होती, बोलता येईना म्हणून त्यांनी पेल्यावर अंगठी वाजवली होती. आत चुलीपाशी बायकोला ते ऐकू आलं होतं. ती भाकरी थापत राहिली होती. एवढंच. असा खून तिने आजवर कुठल्याच पुस्तकात वाचला नव्हता.

"द्या ती प्रत मला परत," ती म्हणाली. "रद्दीच आहे, रद्दीत जाईल."

चाचांनी वर बघितलं. "प्रत? ती तर मी मागल्या गुरुवारी तुमच्या दुकानावर दिली ना. तुम्ही आला नव्हता, माझा रस्ता तोच. पेपरात गुंडाळून अप्पांच्या हातात दिली, वहिनींना द्या म्हणून. दिली न्हाई त्यांनी?"

मंजुश्रीच्या हातातली पिशवी घसरली. पण लगेच तिने स्वतःला सावरलं. तिचे यजमान शिवप्रसादअप्पा सरकी-पेंडीचे भाव सोडून आयुष्यात काही वाचत नव्हते. गल्ल्यामागे पडली असेल. आणि वाचली तरी काय? तिने केवढी काळजी घेतली होती. लातूरचा माणूस अर्धापूरला नेला. पेंडीऐवजी केळी विकायला लावली. उंचापुरा होता तो ठेंगणा केला, वर टक्कल दिलं.

"आले बघा," साबेरा हळूच म्हणाली.

अप्पा दारात उभे होते, केव्हापासून कोण जाणे. काखेत पेपरात गुंडाळलेलं काहीतरी होतं. दहा वर्षांत ते या दुकानाची पायरी चढले नव्हते. तिला न्यायला आले तरी गाडीवर बसूनच हॉर्न द्यायचे.

"या अप्पा, या," चाचांनी स्वतःची खुर्ची दिली आणि स्टीलच्या पेल्यात पाणी दिलं.

अप्पा बसले. पुडकं मांडीवर ठेवलं. पाणी एका दमात पिऊन त्यांनी पेला दाबयंत्राच्या कडेवर ठेवला, आणि सवयीने अंगठीचं बोट त्यावर दोनदा आपटलं.

टण्. टण्.

नागसेनभाऊंनी चष्मा काढला. साबेराचं बोट ओळीवर थांबलं. चाचांच्या ब्रशवरून खळीचा थेंब ओघळून फरशीवर पडला, तो त्यांनी पुसला नाही. तिघंही अप्पांकडे बघत नव्हते. तिघंही मंजुश्रीकडे बघत होते.

मंजुश्री उभी होती. हातात पाण्याचा जग होता. कधी उठली, जग कधी उचलला, तिला सांगता आलं नसतं. अंगठी बदलायची राहिली होती. गाव बदललं, धंदा बदलला, डोक्यावरचे केस काढले, आणि तीस वर्षं रोज ऐकलेला हा आवाज लिहिताना तिला ऐकूच आला नव्हता. वाचणाऱ्यांना आला होता. अप्पांच्या ओसरीवर चहा प्यायलेल्या तिघांनाही.

"बस," अप्पा म्हणाले.

ती उभीच राहिली.

"बस की. नको मला पाणी." त्यांनी पेला उपडा घातला. मग पुडक्याची सुतळी सोडायला घेतली. गाठ सुटेना. सोडवता सोडवता म्हणाले, "चाचा, चहा सांगा. पाच."

"अप्पा, तुम्ही पहिल्यांदा आलात, चहा आमच्याकडून..."

"न्हाई. माझ्याकडून. नियम म्हाईत हाय मला." सुतळी सुटली. "ही सांगायची घरी. कोण काय वाचून राहिलंय, कुणी कुणाला चहा पाजला."

मंजुश्री खुर्चीच्या कडेवर टेकली. ती सांगायची खरी. जेवताना, त्यांच्या पाठीला, टीव्हीच्या आवाजात. भिंतीला सांगतो आहोत असं समजून.

पेपर बाजूला झाला. पांढरी पानं कडेला मळली होती, मधल्या काही पानांवर पेंडीचे पिवळट ठसे होते. शेवटचं पान कोपऱ्यात दुमडलेलं होतं. अप्पांनी तो कोपरा अंगठ्याने सरळ केला, पुन्हा पुन्हा, जणू तो कधी दुमडलाच नव्हता.

"तुमचं कुणाचं वाचून झालं न्हाई म्हणं," ते म्हणाले.

बाहेरून कोणीतरी चाचांना हाक मारली, चाचांनी ओ दिली नाही.

"माझं झालंय. दोनदा." त्यांनी वर बघितलं, पण मंजुश्रीकडे नाही. उपड्या पेल्याकडे. "तो नागनाथ म्हणजे मी हाय."

"अप्पा, गोष्ट असती ती," साबेरा पुटपुटली.

"चांगली हाय गोष्ट. पंच एक असो का दोन." त्यांनी बोटातली अंगठी एकदा फिरवली. सांध्यापाशी ती अडकली. "त्या बाईला ऐकू आलं होतं. आन् ती उठली न्हाई."

मंजुश्रीने हातातला जग फरशीवर ठेवला.

"तिच्या जागी मी असतो," अप्पा म्हणाले, "तर मीबी उठलो नसतो."