फळ्याचा वरचा अर्धा भाग

मी एक लाकडी स्टूल. पाय चार, त्यांतला एक आखूड, म्हणून त्याच्याखाली पुठ्ठ्याची घडी. पण उमेदीची वर्षं हार्डवेअरच्या दुकानात गेली, तेव्हा माणसं ओळखण्यात मी पक्का. गिऱ्हाईक भाव कसा विचारतं यावरून मला कळतं, हे घेणार की नुसतंच हवा खायला आलंय.

एका सुताराने उरल्यासुरल्या लाकडातून मला ठोकलं. उंच फळीवरचे रंगाचे डबे माझ्यावर चढून काढायचे, हेच माझं काम. मालकाची मुलगीही माझ्यावर उभी राहूनच मोठी झाली. मोठी म्हणजे डोक्याने. उंची जिथल्या तिथेच. शाळेने तिला दोन इयत्ता वर चढवलं, थेट वरच्या बीजगणिताच्या वर्गात. तिथे तिचं नाव पडलं पिटुकली.

एका संध्याकाळी बीजगणिताच्या मॅडम दुकानात आल्या. मालकांनी खुर्ची दिली, पाणी दिलं. मॅडम चाचरतच बोलल्या. उत्तरं बरोबर येतात, पण फळ्यावर मधल्या पायऱ्याच नसतात. उद्या वर्गासमोर पूर्ण रीत मांडता आली नाही, तर तिला परत खालच्या वर्गात बसवावं लागेल.

मालकांचा चेहरा पडला. वहीत तर पानंच्या पानं लिहिते, म्हणाले. मुलगी दुकानातच होती, तेव्हा मॅडमनी तिला तिथेच एक गणित घातलं, दोन अज्ञातांचं.

पोरीने मला ओढत मालाचे भाव लिहायच्या फळ्यापाशी नेलं, फळा पुसला आणि माझ्यावर चढून अगदी वरच्या कडेपासून लिहायला लागली. किंमत काढली, दुसऱ्या समीकरणात घातली, कंस सोडवले, ओळीखाली ओळ. मॅडम गणिताकडे बघायचं सोडून माझ्याकडेच बघत राहिल्या.

"वर्गात असं का लिहीत नाहीस गं?"

"वर हात पोचत नाही. खालच्या अर्ध्यात एवढंच मावतं."

"मग सांगायचं नाही का?"

"आधीच पिटुकली म्हणतात. वर स्टूल मागू?"

उंच फळीवरचा माल पडून राहतो, तो काही वाईट असतो म्हणून नव्हे. मॅडमनी माझी किंमत विचारली. मालक खिळासुद्धा फुकट न देणारे. ते म्हणाले, "विकायचं नाहीये. घेऊन जा." पुठ्ठ्यासकट डळमळलो मी.

दुसऱ्या दिवशी मला बघून वर्गात खसखस पिकली. मॅडमनी पोरीला हाक मारलीच नाही. पदर खोचून स्वतःच माझ्यावर चढल्या आणि सगळ्यात वरच्या ओळीत गणित लिहिलं. त्यांचाही हात तिथवर कधी पोचला नव्हता, हे तेव्हा सगळ्यांच्या लक्षात आलं. मग खाली उतरून त्यांनी खडू तिच्या हातात दिला.

तिने फळा वरपासून खालपर्यंत भरला. हसणारी पोरं मान खाली घालून उतरवून घेत होती, हसायला सवड कुणाला? ती त्याच वर्गात राहिली. माझ्या चारही पायांतला ताण उतरला.

आता ती ताडमाड वाढली आहे. मध्यंतरी मालक मला परत न्यायला आले, तर म्हणाली, "राहू दे बाबा, मॅडमना लागतं."

तेव्हा मी इथेच आहे, मजेत. फक्त ती पुठ्ठ्याची घडी झिजलीय, कुणीतरी बदला. मॅडम हल्ली फार झोकात चढतात.